ऑडिओमॉथ: रानात ठेवून देण्याचा रेकॉर्डर नाशिकच्या पाणथळीत, सड्यावर आणि पावसात कसा चालतो

ऑडिओमॉथ म्हणजे ५८ बाय ४८ मिलिमीटरची एक सर्किट पाटी. मागे तीन एए सेलचा खोबणीवजा कप्पा, कडेला मायक्रोएसडी कार्डाची खाच, एक मायक्रो यूएसबी आणि तीन जागी सरकणारा बारीक खटका. सेलसकट वजन ८० ग्रॅमच्या आसपास. पडदा नाही, स्पीकर नाही. संगणकावर वेळापत्रक लावायचं, झाडाला बांधायचं आणि निघून यायचं. ठरलेल्या वेळी तो जागा होतो, आवाज कार्डावर उतरवतो आणि पुन्हा झोपतो.

साउदॅम्प्टन आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी तो घडवला. त्याची मुळं इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टच्या जंगलात दुर्मीळ झालेल्या सिकाडा किड्याच्या शोधात आहेत. पुढे बेलीझच्या जंगलात शिकाऱ्यांच्या बंदुकीचे बार टिपायलाही तो वापरला गेला. सर्किटचा आराखडा आणि आतली आज्ञावली दोन्ही खुली आहेत, आणि याच वर्गातल्या जुन्या प्रस्थापित रेकॉर्डरच्या तुलनेत किंमत कित्येक पटींनी कमी पडते. परिसरशास्त्राच्या विद्यार्थ्यांपासून हौशी पक्षिनिरीक्षकांपर्यंत सगळ्यांकडे तो दिसू लागला तो याचमुळे.

आमचं मत आधीच सांगतो. नाशिक जिल्ह्यात आवाजावरून पक्षी, बेडूक किंवा वटवाघळांचा पद्धतशीर अभ्यास करायचा असेल, तर या पैशात याहून चांगलं साधन नाही. पण प्रश्न ठरलेला नसताना घेतला तर दोन महिन्यांत हार्ड डिस्क भरते आणि हाती काहीच लागत नाही. सकाळी गंगापूर धरणाच्या कडेने फिरताना ‘हा कुठला पक्षी बोलला’ एवढंच हवं असेल तर फोनवरचं पक्षी ओळखणारं अ‍ॅप मर्लिन पुरेसं आहे, तेही फुकट. ऑडिओमॉथ लागतो तो माणूस जिथे नाही त्या वेळेसाठी: पहाटे साडेचार, भर पावसातली रात्र, सलग तीन आठवडे, एकाच वेळी पाच ठिकाणी.

खरेदीचं थोडक्यात. उपकरण परदेशातून मागवावं लागतं. छापील किमतीवर टपालखर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो, म्हणून एकेक मागवण्यापेक्षा महाविद्यालयाच्या विभागाने किंवा चार-पाच जणांनी मिळून एकदम मागवावेत. आणि एक घेऊच नका, किमान तीन घ्या. एका ठिकाणचा एक रेकॉर्डर फक्त तिथे काय आहे ते सांगतो. द्राक्षबागेत आणि शेजारच्या ओढ्याकाठच्या झाडीत काय फरक आहे, हे सांगायला तो पुरत नाही. पाटीबरोबर कंपनीचं पाणीरोधक खोकंही त्याच वेळी मागवा. ते वेगळं विकत मिळतं, आणि नाशिकच्या पश्चिमेला त्याच्याशिवाय काम होत नाही.

आता सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो दर, कारण पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे. यात ८ किलोहर्ट्झपासून ३८४ किलोहर्ट्झपर्यंत दर निवडता येतो. जो दर निवडाल त्याच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच आवाज नीट टिपला जातो. पक्ष्यांचे बहुतेक आवाज १० किलोहर्ट्झच्या आत असतात, तरी पक्ष्यांसाठी ४८ किलोहर्ट्झच ठेवा. आवाज ओळखणारं बर्डनेट याच दरावर बेतलेलं आहे. बेडकांना ३२ पुरतात. वटवाघळांच्या प्रतिध्वनीच्या हाका २० ते १०० किलोहर्ट्झ आणि त्याहूनही वर असतात, म्हणून तिथे १९२ किंवा २५०, आणि सगळ्यात उंच हाकांसाठी ३८४ लागतात. फळं खाणारी मोठी वटवाघळं मात्र अशा हाका देत नाहीत. ती मोजायची तर वडा-पिंपळावरच्या वस्तीखाली उभं राहूनच.

फाइल १६ बिटची, एका वाहिनीची, न दाबलेली वेव्ह असते. म्हणून हिशोब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ९६,००० बाइट, म्हणजे मिनिटाला ५.७६ एमबी, तासाला सुमारे ३४६ एमबी, चोवीस तासांना ८.३ जीबी. सतत चालू ठेवला तर ३२ जीबीचं कार्ड चौथ्या दिवशी भरतं. दर पाच मिनिटांत एक मिनिट घेतलं, म्हणजे ६० सेकंद रेकॉर्ड आणि २४० सेकंद झोप, तर दिवसाला १.६६ जीबी होतात आणि तेच कार्ड १९ दिवस जातं. १९२ किलोहर्ट्झला मात्र मिनिटाला २३ एमबी लागतात. संध्याकाळी साडेसहा ते दहा एवढंच सलग घेतलं तरी रोजचे ४.८ जीबी, म्हणजे ३२ जीबीत आठवडाही निघत नाही. वटवाघळांसाठी ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड घ्या आणि ते एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा.

कार्डावर पैसे वाचवू नयेत. बाजारात नकली कार्डं भरपूर आहेत. वर १२८ लिहिलेलं असतं, आत जागा १६ जीबीची असते, आणि भरल्यावर कार्ड जुन्याच जागी पुन्हा लिहू लागतं. फाइली दिसतात पण उघडत नाहीत. नवं कार्ड घेतलं की एच२टेस्टडब्ल्यू या फुकट प्रोग्रामने एकदा पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, पण रानातून तीन आठवड्यांनी रिकाम्या हाताने येण्यापेक्षा बरा. प्रत्येक खेपेआधी कार्ड एसडी असोसिएशनच्या फॉरमॅटरने साफ करा. फोनमध्ये फॉरमॅट केलेलं कार्ड कधी कधी रेकॉर्डर उचलत नाही.

संगणकावरचा कॉन्फिगरेशन प्रोग्राम नीटनेटका आहे. खटका यूएसबी-ऑफवर, केबल जोडलेली, आणि पडद्यावर उपकरणाचा क्रमांक, सेलचा दाब (व्होल्टेज) आणि घड्याळ दिसलं पाहिजे. काहीच दिसलं नाही तर दहातल्या नऊ वेळा दोष केबलचा असतो. फोन चार्जरबरोबरच्या काही केबलींत फक्त वीज जाते, माहिती जात नाही. दिवसात रेकॉर्डिंगची जास्तीत जास्त चार सत्रं लावता येतात. खाली प्रोग्राम स्वतःच हिशोब मांडतो: रोज किती फाइली, किती एमबी, किती मिलिअँपिअर-तास. हा अंदाज बऱ्यापैकी खरा येतो, त्याच्यावर भरवसा ठेवून सेल ठरवा. ३२ जीबीच्या कार्डावर वरच्या वेळापत्रकांत सेलच्या आधी कार्डच भरतं. मोठं कार्ड घातलं की प्रश्न सेलचा होतो.

सेल अल्कलाइन किंवा लिथियम घ्या. भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त झिंक-कार्बन सेल रेकॉर्डिंगच्या भाराखाली लवकर बसतात. चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड चालतात, फक्त त्यांचा दाब मुळातच कमी, म्हणजे तिघांचा मिळून ३.६ व्होल्ट. त्यामुळे प्रोग्राम भरलेले सेलही संपत आलेले दाखवतो. त्यासाठी सेटिंगमध्ये वेगळी खूण आहे, ती लावा. काम संपलं की सेल काढून ठेवा. मे महिन्याच्या उन्हात पडून राहिलेला अल्कलाइन सेल पाझरला की कप्प्याच्या स्प्रिंगा हिरव्या पडतात आणि पुढे संपर्क कधी मिळतो, कधी नाही.

घड्याळ हा या उपकरणाचा सगळ्यात कच्चा दुवा. सेल बदलले की वेळ टिकली असेल असं धरून चालू नका, पुन्हा लावा. दरवेळी लॅपटॉप न्यायची गरज नाही. फोनवर चाइम नावाचं अ‍ॅप आहे. ते एक सूर वाजवतं, आणि रेकॉर्डर तो ऐकून स्वतःचं घड्याळ जुळवतो. कॉन्फिगरेशनमध्ये ‘कस्टमवर (खटक्याच्या वेळापत्रक चालवणाऱ्या जागेवर) गेल्यावर चाइम हवाच’ अशी खूण करता येते. जिथे दोघे-तिघे मिळून उपकरणं लावतात तिथे ती खूण असू द्या. दुसरा घोळ वेळेच्या पट्ट्याचा. प्रोग्रामचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवलेलं असलं आणि तुम्ही भारतीय वेळेच्या हिशोबाने ५ ते ९ लावलं, तर रेकॉर्डिंग साडेदहा वाजता सुरू होतं, जेव्हा अर्धे पक्षी गप्प झालेले असतात. लावण्याआधी घरीच पाच मिनिटांची चाचणी घ्या आणि फाइलच्या पोटातली नोंद वाचा. प्रत्येक वेव्ह फाइलच्या सुरुवातीला मजकुराची एक ओळ लिहिलेली असते: किती वाजता, कुठल्या तारखेला, कुठल्या वेळपट्ट्यात, कुठल्या क्रमांकाच्या उपकरणाने, कुठल्या गेनवर (आवाज किती वाढवून घ्यायचा त्या पातळीवर) रेकॉर्ड केलं, आणि त्या क्षणी सेलचा दाब व तापमान किती होतं. वेळेपुढे कंसात साडेपाच तासांचा फरक लिहिलेला दिसला की निश्चिंत व्हा. फाइलच्या नावात १९७० साल दिसलं तर समजायचं की घड्याळ लावलेलंच नव्हतं.

याच ओळीतले दाबाचे आकडे ओळीने काढून पाहिले तर सेल कुठल्या दिवशी बसले तेही कळतं. तापमानाचा आकडा खोक्याच्या आतला असतो, हवेचा समजू नये. पण उपकरण उन्हात तापतंय का, याचा पुरावा म्हणून तो उत्तम.

खटक्याच्या तीन जागांपैकी ‘डिफॉल्ट’ म्हणजे वेळापत्रकाकडे न बघता लगेच रेकॉर्ड सुरू. ‘कस्टम’ म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे. रानातून निघताना खटका कस्टमवर आहे, हिरवा दिवा मधूनमधून लुकलुकतोय आणि सत्र चालू असेल तर लाल, एवढं पाहूनच खोकं बंद करा. हिरवा-लाल दोन्ही मिळून लुकलुकले तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा त्यावर लिहिता येत नाही. रस्त्याजवळ लावणार असाल तर दिवे बंद ठेवायची सोय आहे. रात्री लुकलुकणारा दिवा लांबून दिसतो आणि कुतूहलाने उपकरण काढलं जातं.

गेनचे पाच टप्पे आहेत. रानातल्या पक्ष्यांसाठी मधला. पहिल्या पावसानंतर डबक्यापासून दहा मीटरवर लावणार असाल तर एक टप्पा खाली. बुलफ्रॉगच्या नरांचा गलका मधल्या गेनवर कापला जातो. आवाजाच्या तरंगरेषेत तो वरून-खालून छाटल्यासारखा सपाट दिसतो, आणि कापलेला आवाज नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. आतला फिल्टरही इथे वाचवत नाही, कारण तो आवाजाचे आकडे झाल्यानंतर लागतो. एकंदरीत फिल्टर रेकॉर्ड करताना लावूच नये असं आम्ही म्हणू. वाऱ्याची घरघर काढायला म्हणून ५०० हर्ट्झखालचं सगळं छाटलं की शृंगी घुबडाचा घुमणारा हुंकार आणि भारद्वाजाचा खोल ‘हुप हुप’ दोन्ही जातात. छाटायचं ते नंतर संगणकावर. मूळ फाइल अखंड राहू द्या. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला तरच लिहायचं, अशीही सोय आहे. कार्ड वाचतं, पण दूरचा पक्षी नव्हता की नुसता हळू होता, हे मग कधीच कळत नाही.

पावसाबद्दल जरा सविस्तर. जिल्ह्यात पावसाचा फरक मोठा आहे. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तर येवला-सिन्नरकडे त्याच्या पाव वाट्याइतकाही नाही. पूर्वेकडच्या तालुक्यांत हिवाळ्यात झिप लॉकच्या दोन पिशव्या आणि आत सिलिका जेलची पुडी चालून जाते. त्र्यंबक, अंजनेरी, हरसूल, इगतपुरी इथे जून ते सप्टेंबर पिशवी नको. पिशवीचं प्लॅस्टिक वाऱ्याने फडफडतं, त्याची सळसळ नेमकी पक्ष्यांच्या पट्ट्यात येते, आणि आत दमटपणा कोंडून मायक्रोफोनच्या भोकावर पाणी धरतं. कंपनीच्या खोक्याला मायक्रोफोनसमोर आवाज जाईल पण पाणी जाणार नाही अशी पातळ पडदी आहे. ती बोटाने दाबून पाहू नये, टोकदार वस्तूने साफ करू नये. रबरी कडेवर केस किंवा गवताची काडी अडकली तरी पाणी आत झिरपतं. झाकण लावण्याआधी कड कोरड्या फडक्याने पुसा. सिलिका जेल याही खोक्यात हवंच, आणि दर खेपेला बदलून.

खोकं पाणी थांबवतं, पण पावसाचा आवाज थांबवत नाही. म्हणून झाड निवडणं महत्त्वाचं. सागाखाली लावू नका. रुंद पानावर पडणारा थेंब ताशासारखा वाजतो आणि पाऊस थांबल्यावरही पानांवरून थेंब गळणं अर्धा तास चालू राहतं. बारीक पानांचं झाड बरं, खैर किंवा बाभूळ. बुंधा १५ ते २० सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर मागून येणारा आवाज बुंध्यामागेच अडतो. उंची दीड ते दोन मीटर. त्याहून खाली लावलं की गाय-बैल अंग घासतात, आणि वर लावलं की कार्ड बदलायला शिडी लागते. तोंड ओढ्याच्या खळखळाटापासून दुसरीकडे आणि खोकं बुंध्याच्या उत्तरेच्या अंगाला, म्हणजे ऊन कमी लागेल. दोन उपकरणांमध्ये निदान २५० मीटर अंतर ठेवा. त्याहून जवळ आणलंत तर एकच मोर दोन्हीकडे ओरडतो आणि दोन मोजला जातो.

बांधायला खोक्याबरोबरचा पट्टा आणि वरून केबल टाय. माकडांचा वावर असलेल्या भागात, त्र्यंबक-अंजनेरीत तर नक्कीच, लोंबणारं टोक ठेवू नका. टायचं शेपूट मुळाशी कापा. खोक्यावर मराठीत कागद चिकटवा: ‘पक्ष्यांच्या आवाजाचा अभ्यास. यात कॅमेरा नाही’, आणि संपर्क क्रमांक. हा कागद उपकरण चोरीपासून जितका वाचवतो तितकं कुलूपही वाचवत नाही. कॅमेरा नाही, हे वाक्य गाळू नका.

परवानगीशिवाय मात्र पाऊल पुढे टाकू नये. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे अभ्यासासाठी प्रवेशाची परवानगी लागते, आणि उपकरण ठेवणं त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. अंजनेरी, बोरगड, ममदापूर ही संवर्धन राखीव क्षेत्रं, तिथेही वनखात्याला विचारूनच. खासगी शिवारात शेतकऱ्याची संमती घ्या आणि घर, गोठा, पाणवठा यांपासून लांब लावा. रेकॉर्डरला माणसांचं बोलणंही ऐकू जातं. असे तुकडे दिसले की ते पुसून टाकणं ही अभ्यासकाची जबाबदारी आहे.

आता जागेप्रमाणे हा कसा वागतो ते. नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी-कादवेच्या संगमाजवळची ही पाणथळ, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून २०२० मध्ये जाहीर झाली. हिवाळ्यात तिथे हजारोंनी बदकं असतात, आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा: आवाजावरून थवे मोजता येत नाहीत. शेकडो बदकं शांत तरंगत असतात आणि चार अडई सगळं पाणी दणाणून सोडतात. बदकांची गणना मनोऱ्यावरून टेलिस्कोपनेच करायची. ऑडिओमॉथचा उपयोग तिथे दुर्बिणीला न दिसणाऱ्यांसाठी: पाणकणसातल्या पाणकोंबड्या, बोरूत लपलेले वटवटे, आणि रात्री वरून जाणारे क्रौंच व पाणपक्षी. हिवाळ्यात नाशिकला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणून साडेपाच ते साडेआठ सलग, आणि वेगळ्या उपकरणावर रात्रभर दर दहा मिनिटांत एक मिनिट, असं वेळापत्रक इथे बसतं. जूनमध्ये उजाडतं सहाच्या आत, तेव्हा सत्र तासभर आधी सुरू करा. प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत सूर्योदय-सूर्यास्ताला धरून वेळ लावता येते, तीच वापरलेली उत्तम.

अंजनेरी आणि त्र्यंबकच्या बाजूला खरा हंगाम मे अखेरपासून जुलैपर्यंतचा. पावशाचा ‘पेर्ते व्हा’ रात्रीसुद्धा चालू असतो. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो आणि पहाटे व तिन्हीसांजेला त्याची दोन स्वरांची शीळ ऐकू येते. दिवसभर झाडीत तो पाचोळ्यात गप्प असतो, त्यामुळे त्याची हजेरी टिपायला पहाटेचं दोन तासांचं आणि संध्याकाळचं दीड तासाचं अशी सत्रं दिवसभराच्या रेकॉर्डिंगपेक्षा जास्त देतात. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मात्र उघड्यावर लावू नका. जुलैतला पश्चिमेचा वारा मायक्रोफोनवर आदळला की सगळी फाइल घरघर होते. सड्याच्या कडेखाली, वारा न लागणाऱ्या घळीत लावा. वाऱ्यासाठी फोमची टोपी या खोक्यावर बसत नाही. ती हवी असेल तर नव्या पाटीवरच्या साडेतीन मिलिमीटरच्या खाचेत बाहेरचा मायक्रोफोन जोडावा लागतो, आणि मग पाणीरोधकपणाची वेगळी व्यवस्था.

ममदापूरच्या गवताळ माळावर झाडं विरळ, म्हणून लोखंडी गजाला बांधावं लागतं. काळविटं आणि गुरं गजाला अंग घासतात, तेव्हा गज अर्धा मीटर जमिनीत गाडा. माळावर वारा सकाळी आठनंतर उठतो. कामाचे तास पहाटेचेच: तित्तिर, टिटवी, चंडोल, आणि उजाडण्याआधीची कोल्हेकुई.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात पक्ष्यांपेक्षा माणसाचा आवाज जास्त भरतो, आणि अभ्यासाच्या दृष्टीने तोही महत्त्वाचा. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी या बुरशीरोगाच्या फवारण्या सुरू झाल्या की ट्रॅक्टरचे ब्लोअर नेमके पहाटे-सकाळी चालतात, जेव्हा पक्षी बोलतात. रात्रीच्या विजेवर पंप चालू राहतात आणि त्यांची सलग गुणगुण ध्वनिचित्राच्या, म्हणजे वेळेप्रमाणे आवाजाची वारंवारता दाखवणाऱ्या चित्राच्या, तळाला सरळ रेघ म्हणून दिसते. पक्षी हाकलायला वाजवलेले डबे आणि फटाके, ओझरची विमानं, देवळालीकडचे तोफांच्या सरावाचे धमाके, सगळं उतरतं. अशा फाइली फेकून देऊ नका, वेगळी खूण करून ठेवा. ब्लोअर चालू असलेल्या मिनिटांत पक्षी ‘नव्हता’ असं लिहिणं चूक आहे. तिथे फक्त ‘ऐकू आलं नाही’ एवढंच खरं.

रेकॉर्डिंग घरी आल्यावर खरी मेहनत. तीन उपकरणं, दोन आठवडे, दर पाच मिनिटांत एक मिनिट, एवढ्यातच दोनशे तासांहून जास्त आवाज जमतो. तो कुणी बसून ऐकत नाही. बर्डनेट हे कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेने आणि जर्मनीच्या केम्नित्स विद्यापीठाने मिळून केलेलं साधन संगणकावर इंटरनेटशिवाय चालतं. ते तीन-तीन सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाला जातीचं नाव आणि शून्य ते एकमधला विश्वासांक देतं. त्यात अक्षांश-रेखांश भरायला विसरू नका. नाशिकसाठी साधारण २० आणि ७३.८. आठवडा मात्र वर्षाच्या ४८ भागांच्या हिशोबाने, महिन्याला चार: जूनचा तिसरा आठवडा म्हणजे २३. हे न भरता चालवलं तर अमेरिकेतले पक्षी नाशकात दाखवतं.

आणि विश्वासांक म्हणजे खात्री नव्हे. ०.८ हा आकडा एका जातीसाठी जवळजवळ नेहमी बरोबर, दुसरीसाठी निम्म्या वेळा चूक असतो. प्रत्येक जातीचे कमी, मध्यम, जास्त अशा प्रत्येक टप्प्यातले दहा-दहा तुकडे चिठ्ठी काढल्यासारखे निवडा, स्वतः ऐका, ध्वनिचित्र बघा, आणि त्या जातीपुरता उंबरठा ठरवा. आपल्याकडचे नेहमीचे घोळ ठरलेले आहेत. खारीची लांबलचक चिकचिक पक्षी म्हणून येते. रातकिड्यांची किरकिर वटवट्यांच्या नावावर जमा होते. कोतवाल शिक्र्याची हाक हुबेहूब काढतो, म्हणून एकट्या हाकेवर शिक्रा लिहू नका. जिल्ह्यात कधी न नोंदलेली जात यंत्राने दाखवली तर आधी यंत्र चुकलं असं धरा आणि तो तुकडा दोन जाणत्या माणसांना ऐकवा. बेडकांसाठी बर्डनेटचा आपल्याकडे फारसा उपयोग नाही, आणि वटवाघळं ओळखणारी तयार साधनं बहुतेक युरोप-अमेरिकेच्या जातींवर शिकवलेली आहेत. तिथे रेव्हन लाइट किंवा ऑडॅसिटीत ध्वनिचित्र उघडून डोळ्यांनीच काम करावं लागतं. वटवाघळांची जात ठरवण्यापेक्षा हाकांची वारंवारता आणि आकार नोंदवून ठेवणं जास्त प्रामाणिक.

उपकरणांत आपसातही थोडा फरक असतो. एकाच कंपनीच्या दोन पाट्यांचे मायक्रोफोन सारखेच संवेदनशील नसतात, आणि दोन पावसाळे काढलेला मायक्रोफोन नव्यापेक्षा बहिरा होऊ शकतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला सगळी उपकरणं एका ओळीत ठेवून एकाच अंतरावरून एकच सूर ऐकवा आणि फाइलींची पातळी ताडून पाहा. जे बरंच हळू ऐकतं ते बाजूला काढा. एकाच ठिकाणी कायम तेच उपकरण लावू नका, फिरवत राहा, म्हणजे जागेतला फरक आणि यंत्रातला फरक एकमेकांत मिसळणार नाही.

तक्रारी दोन आहेत. कार्डावरचा मजकूर यूएसबीने थेट घेता येत नाही. दरवेळी खोकं उघडून बोटाच्या पेराएवढं कार्ड काढावं लागतं, आणि चिखलात ते पडलं की सापडत नाही. खाली रुमाल पसरूनच उघडा. दुसरी म्हणजे फोनवरून चालू स्थिती बघायची सोय नाही, जी इतर काही महागड्या रेकॉर्डरमध्ये आहे. कार्ड किती भरलं, हे तिथे उभं राहून कळत नाही. म्हणून पहिल्यांदाच लावत असाल तर तीन आठवड्यांनी नाही, चौथ्या दिवशी एकदा जाऊन या. कार्ड बदला, घरी आणून फाइली उघडा, आणि वेळ, पातळी, दाब तिन्ही ठीक असतील तरच लांबची खेप लावा.